विद्यार्थ्याच्या पाठीशीं कोण?

विद्यापीठ म्हटलें कीं भव्य इमारती, पदवीदानाचा समारंभ आणि परीक्षांचे निकाल डोळ्यांसमोर उभे राहतात. परंतु खेड्यांतून प्रथमच शहरांत उतरलेल्या मुलापुढें निराळेच प्रश्न असतात. वळकटी कोठें टाकावी? दोन वेळचें जेवण कोठें मिळेल? फीचा दुसरा हप्ता कोठून आणावा? आणि कांहीं अडलें तर विचारावें कोणाला? पदवी हातीं पडेल कीं नाहीं, हें पुष्कळ वेळां व्याख्यानांपेक्षां या प्रश्नांच्या उत्तरांवरच ठरतें.

मुंबई विद्यापीठ १८५७ सालीं स्थापन झालें, तें लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर. परीक्षा घेणें आणि पदव्या देणें एवढेंच त्याचें काम. शिकविण्याचें काम कॉलेजांचें. विद्यार्थी कोठें राहतो व काय खातो, याची चौकशी करणें त्या रचनेंत कोणाकडेच नव्हतें. ती उणीव समाजानें आपल्या परीनें भरून काढली. पुण्यासारख्या गांवीं गरीब विद्यार्थी सात घरीं सात वार लावून जेवत, किंवा माधुकरी मागत. श्रोत्यांपैकीं कित्येकांनीं ही हकीकत घरांतील वडीलधाऱ्यांच्या तोंडून ऐकली असेल. या रीतीचे दोष उघड आहेत. ती बहुतांशीं ब्राह्मण मुलांपुरतीच होती. इतर जातींच्या मुलांना तें दार बंदच असे. शिवाय दुसऱ्याच्या पाटावर बसणाऱ्यास वाढणारीचा चेहरा वाचीत जेवावें लागे. तथापि तींत एक गुणहि होता. मंगळवारचा मुलगा आला नाहीं, तर त्या घरीं तें लक्षांत येई आणि कोणी तरी त्याची विचारपूस करी.

मान न वांकवितां मदत कशी मिळेल, या प्रश्नाचें उत्तर पुढें कोल्हापूर व सातारा येथें शोधलें गेलें. छत्रपति शाहू महाराजांच्या पुढाकारानें १९०१ सालीं कोल्हापुरांत व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग निघालें. मागोमाग जैन, लिंगायत, मुसलमान, अस्पृश्य मानले गेलेले, अशा अनेक समाजांच्या मुलांसाठीं वसतिगृहें झालीं. जेवण ही एखाद्या घरची कृपा न राहतां संस्थेची जबाबदारी झाली. परंतु पंक्ति मात्र जातवार निराळ्याच राहिल्या. कोल्हापुरांत शिकलेल्या भाऊराव पाटलांनीं पुढचें पाऊल टाकलें. त्यांनीं १९१९ सालीं काले येथें रयत शिक्षण संस्था स्थापिली. आणि १९२४ सालीं साताऱ्यास काढलेल्या वसतिगृहांत सर्व जातींचीं मुलें एका छपराखालीं राहूं लागलीं, एकाच पंक्तीस बसूं लागलीं. १९४७ सालीं त्यांनीं साताऱ्यास छत्रपति शिवाजी कॉलेज काढलें, तें ‘कमवा आणि शिका’ या तत्त्वावर. अंगमेहनतीनें जो आपली फी फेडतो, त्याला कोणापुढें ओशाळें होण्याचें कारण उरत नाहीं.

मदतीला मुदतहि असते, हें डॉ. आंबेडकरांच्या चरित्रांत ठळकपणें दिसतें. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर ते १९१३ सालीं न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठांत गेले व तेथून लंडनला पोंचले. मुदत संपतांच १९१७ सालीं लंडनचा अभ्यास अर्धा टाकून त्यांना परतावें लागलें. १९२० सालीं ते पुन्हां गेले आणि १९२३ सालीं त्यांनीं तेथील डी. एस्‌सी. ही पदवी मिळविली. पुढें त्यांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीनें १९४६ सालीं मुंबईंत सिद्धार्थ कॉलेज काढलें, तेव्हां वर्ग सकाळीं ठेवले; दिवसां नोकरी करणाऱ्यालाहि शिकतां यावें, हा हेतु. विचारपूर्वक आंखलेलें वेळापत्रक हीहि एक शिष्यवृत्तिच होय.

आज विद्यापीठें वाढलीं आहेत. पुण्यास १९४९ सालीं विद्यापीठ आलें, कोल्हापुरास १९६२ सालीं. ‘कमवा आणि शिका’ ही योजना विद्यापीठांच्या कारभारांत रुळली. पुण्यांत १९५५ सालीं निघालेल्या विद्यार्थी साहाय्यक समितीसारख्या संस्था ग्रामीण मुलामुलींना वसतिगृहाचा आधार देतात. मान न वांकवितां मदत घेण्याची सोय पुष्कळ झाली. परंतु मंगळवारचा मुलगा आला नाहीं, हें ध्यानांत घेणारें घर मात्र हरवलें. मराठींतून शिकून आलेली मुलगी इंग्रजी व्याख्यानाला मागच्या बाकावर गप्प बसते. पहिल्या चाचणींत नापास झालेला मुलगा घरीं फोनवर ‘सगळें ठीक आहे’ म्हणून सांगतो आणि खोलीचें दार लावून घेतो. याची नोंद कोणत्याहि हजेरीपटांत होत नाहीं. केंद्र सरकारनें २०२२ सालीं सुरू केलेल्या टेलि-मानस सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर मन मोकळें करतां येतें, ही मोठी सोय खरी. पण फोन उचलण्याइतकेंहि बळ ज्याच्यांत उरलें नाहीं, त्याच्या दारावर थाप मारणारा माणूसच लागतो.

असा माणूस मिळवून देण्यास फार मोठा खर्च लागत नाहीं. वसतिगृहाच्या अधीक्षकांनीं रात्रीच्या जेवणाला कोण आलें नाहीं तें पाहावें. प्राध्यापकांनीं पहिल्या महिन्यांतच मुलांचीं नांवें पाठ करावीं. वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांनीं नव्यांपैकीं एकेकाला आपल्याबरोबर घ्यावें. शिष्यवृत्तीची रक्कम वर्ष संपतांना नव्हे, तर सुरू होतांना हातीं पडावी. आणि शहरांतील सुस्थित कुटुंबांनीं वार लावण्याचा जुना रिवाज जसाच्या तसा परत आणण्याचें कारण नाहीं. परंतु सणावारीं खानावळ बंद असतांना शेजारच्या खोलींतील परगांवच्या विद्यार्थ्याला, जात न विचारतां, पानावर बोलावणें त्यांच्या हातचें आहे. तें पान उपकाराचें नसतें. परक्या शहरांत आपली कोणाला तरी आठवण आहे, एवढेंच तें सांगतें. आणि दुसऱ्या दिवशीं पुन्हां पुस्तक उघडण्यास तेवढा आधारहि पुष्कळांना पुरतो.