चौघांचे जेवण म्हणजे किती?



या व्याख्यानमालेत विद्वान वक्ते बोलून गेले आहेत. माझी शाळा नववीतच सुटली. पुढचे जे काही शिक्षण झाले ते युनियनच्या कचेरीत आणि सार्वजनिक वाचनालयात झाले. त्यातून आजचा विषय स्वयंपाकाचा! काल एका स्नेह्याने मला विचारले, "अहो, मोर्चे काढणाऱ्या माणसाला पाककृतींची उठाठेव कशाला?" त्याला जे उत्तर दिले, तेच आज विस्ताराने आपणापुढे मांडणार आहे.

तीन वर्षांपूर्वी ठाणे-बेलापूर पट्ट्यातील एका कारखान्यात पगारवाढीची बोलणी चालू होती. कारखान्याचे नाव सांगण्याचे कारण नाही. आम्ही महागाईचा तक्ता पुढे ठेवला. समोरच्या अधिकाऱ्यांनी तो वाचला आणि आपल्या पिशवीतून एक रंगीत पुस्तिका काढून माझ्या हाती दिली. काटकसरीच्या बारा पाककृती तीत होत्या, आणि प्रत्येकीखाली छापले होते : 'चौघांसाठी. माणशी खर्च पंधरा रुपये.' साहेब म्हणाले, "पगाराचा प्रश्न आपण पाहूच. पण तुमच्या लोकांना खर्च करण्याची रीतही शिकवा." बोलण्यात उपहास नव्हता. माणूस सज्जन होता, आणि आपण उपकारच करीत आहोत अशी त्याची समजूत होती. म्हणूनच मला तत्काळ उत्तर सुचले नाही.

रागाने पुस्तिका परत भिरकावणे सोपे होते. परंतु घरी येताना मनात आले की, हे खरे असेल तर? पंधरा रुपयांत एक माणूस खरोखर जेवत असेल, तर ते माझ्या सभासदांना सांगणे माझे कर्तव्यच आहे. आणि खरे नसेल, तर ते खोटे आहे हे ओरडून नव्हे, मोजून दाखवावयास हवे. तेव्हा बाराही पाककृती घरी करून पाहावयाच्या असे मी ठरविले.

वस्तुतः 'मी ठरविले' हे पुरुषी बोलणे झाले. स्वयंपाक करावयाचा होता आमच्या मंडळीने. तिने एकच अट घातली, "अहो, मोजायचं तर सगळं मोजायचं. माझा वेळसुद्धा." त्या अटीचे महत्त्व मला पुढे कळले.

तीन आठवडे हा उद्योग चालला. एक काटा आणला, एक वही केली. वजन, भाव, गॅस, वेळ, आणि शेवटी पानावर बसलेल्यांचा अभिप्राय, असे पाच रकाने पाडले. पहिला पदार्थ होता मसुरीची आमटी आणि पोळ्या. एक वाटी मसूर डाळ, वजनाने १६० ग्रॅम. कणीक २०० ग्रॅम, तिच्या आठ लहान पोळ्या. दोन चमचे तेल, कांदा, टोमॅटो, मसाला. त्या महिन्यातील आमच्या वाण्याच्या भावाने, गॅससकट, बावन्न रुपये झाले. पुस्तिकेने साठ सांगितले होते. म्हणजे खर्चाच्या बाबतीत पुस्तिका खरी ठरली! मी थोडा हिरमुसलोच, हे कबूल करतो.

पण पाने वाढली, आणि पाच मिनिटांत ताटे रिकामी झाली. धाकट्याने विचारले, "आता जेवायला काय आहे?"

तेव्हा मी हिशेबाला बसलो. डाळ आणि धान्य यांच्या शंभर ग्रॅममधून ढोबळ मानाने ३४० कॅलरी मिळतात, तेलाच्या एका ग्रॅममधून ९. साऱ्या स्वयंपाकाची बेरीज चौदाशेच्या आसपास आली, म्हणजे माणशी साडेतीनशे. कष्टकरी माणसाला दिवसाला २७०० लागतात असे धरले आणि न्याहारी व दोन जेवणे यांत सारखे वाटले, तर एका वेळेला ९०० हवेत. तेव्हा पुस्तिकेतील 'चौघांचे जेवण' हे दीड माणसाचे जेवण होते. रुपये खरे होते, माणसे खोटी होती.

दुसऱ्या दिवशी तोच पदार्थ पोट भरेपर्यंत केला. कणीक ६०० ग्रॅम लागली, आमटी दुप्पट करावी लागली, आणि खर्च एकशे तेरा रुपये झाला, माणशी अठ्ठावीस. जवळजवळ दुप्पट!

पुढल्या पदार्थांत आणखी गमती निघाल्या. एक होती फ्लॉवरच्या देठांची भाजी. खर्च जवळजवळ शून्य, कारण देठ 'घरात असतातच'. परंतु देठ घरात असण्यासाठी आधी फ्लॉवर घरात यावा लागतो. श्रीमंताच्या ओट्यावरचा कचरा हा गरिबाच्या ओट्यावर आपोआप पडत नाही. दुसरी होती छोल्यांची उसळ. डाळींच्या मानाने माल स्वस्त. पण आम्ही मुद्दाम कुकरविना, साध्या पातेल्यात शिजवली, कारण कुकर न परवडणारी बिऱ्हाडे मी तुर्भ्यात रोज पाहतो. लहान सिलिंडर काट्यावर ठेवून आधी आणि नंतर वजन केले. तासाभराच्या आचेला सुमारे दीडशे ग्रॅम गॅस जळाला. त्या वेळच्या भावाने नऊ रुपये. छोले शिजायला दीड तास लागला. पुस्तिकेत इंधनाचा रकानाच नव्हता. तेल सर्वत्र 'फोडणीपुरते', मसाला 'चवीपुरता', कोथिंबीर 'आवडीप्रमाणे'; आणि या तिन्ही गोष्टी हिशेबात फुकट!

सोयाबीनच्या वड्यांचा रस्सा मात्र गुणाने उत्तम. सुक्या वड्यांत शंभर ग्रॅमला पन्नास ग्रॅमच्या आसपास प्रथिने असतात. डाळीत त्याच्या निम्म्याहूनही कमी. पण मुलांनी पहिल्या दिवशी अर्धा रस्सा पानात टाकला. टाकलेले अन्न कितीही पौष्टिक असले तरी ते अंगाला लागत नाही. मी वहीत 'नापास' असे लिहिले.

येथे माझी एक चूक उघड करतो. आमच्या मंडळीने ती वही वाचली आणि म्हणाली, "तुम्हाला हे सगळं नापासच करायचं आहे. मला पहिल्यांदा जमलं नाही, एवढंच. परत करू." तिचे म्हणणे खरे होते. मी बोलणीच्या टेबलावर जिंकण्याच्या ईर्ष्येने चव घेत होतो. दुसऱ्या खेपेला तिने वड्या गरम पाण्यात भिजवून घट्ट पिळल्या आणि सुक्या खोबऱ्याचे वाटण लावले. पोरांनी ताटे पुसून खाल्ली. खर्च थोडा वाढला; पण पदार्थ पास झाला. बंधूंनो, ज्याला निकाल आधीच हवा असतो त्याने परीक्षक होऊ नये. हा धडा मला युनियनमध्ये तीस वर्षांत मिळाला नाही, तो स्वयंपाकघरात मिळाला.

अखेर बारांपैकी तीन पास झाले : सोयाबीनचा रस्सा, मिश्र पिठांचे थालीपीठ आणि कुळथाचे पिठले. त्यांपैकी शेवटचे दोन आमच्या आया-आज्यांनी कोणत्याही पुस्तिकेवाचून आम्हांला खाऊ घातले होते. पीठ लवकर शिजते, इंधन वाचते, हे त्यांना कुणी शिकविले नव्हते. गरिबाला काटकसर शिकवावयास निघालेला मनुष्य बहुधा गरिबाकडूनच ती शिकून आलेला असतो. फक्त कुणाकडून ते विसरलेला असतो.

मला माझ्या आईची आठवण होते. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला. वडील गिरणीत होते. मी अकरा-बारा वर्षांचा. काही महिन्यांनी चाळीत एक भल्या घरच्या बाई स्वस्त पदार्थ करून दाखविण्यास आल्या. आईने सारे नीट ऐकून घेतले आणि नम्रपणे विचारले, "बाई, तेल कुणाच्या घरचं धरलंत?" बाईंना उत्तर देता आले नाही. पुढे आम्ही नव्या मुंबईत आलो. पण तो प्रश्न बरोबर घेऊन आलो.

आता हा प्रश्न आमच्या घराबाहेर काढू. गरिबाच्या पानात किती पडते याचा हिशेब ही आपल्या देशात नवी गोष्ट नाही. १८७० च्या दशकात दादाभाई नौरोजींनी हिंदुस्थानच्या दारिद्र्याचे गणित मांडले तेव्हा तुरुंगातील कैद्यांच्या खर्चाचे आकडे हाती घेतले, आणि सामान्य रयतेच्या वाट्याला तेवढेही येत नाही हे दाखविले. पुढे १९२३ साली मुंबईच्या कामगारांच्या घरखर्चाची सरकारी पाहणी प्रसिद्ध झाली. फिंडले शिरास या अधिकाऱ्याने ती केली होती. तीत असे आढळले की, कामगाराला मिळणारे धान्य दुष्काळी नियमांत ठरविलेल्या कमाल मापाइतके आहे; पण तुरुंगाच्या नियमांतील मापापेक्षा कमी आहे. हे काही कोणा चळवळ्याने लिहिलेले नाही.

स्वातंत्र्यानंतर १९५७ साली पंधराव्या भारतीय श्रम परिषदेने किमान वेतन कसे काढावे याचे माप ठरविले. एका कमावत्यामागे तीन माणसांचे अन्न. माणशी २७०० कॅलरी, डॉ. आयक्रॉइड यांच्या शिफारशीप्रमाणे, चौघांच्या कुटुंबाला वर्षाला ७२ वार कापड, घरभाडे, आणि इंधन, दिवाबत्ती व किरकोळ खर्चासाठी एकूण वेतनाच्या वीस टक्के. १९९१ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यात मुलांचे शिक्षण, औषधपाणी, सणसमारंभ, म्हातारपण यांसाठी पंचवीस टक्क्यांची भर घातली. ध्यानात घ्या : इंधन या मापात आहे, साहेबांच्या पुस्तिकेत नाही. तथापि हे मापही निर्दोष नाही. चार माणसांची तीन कशी झाली? पुरुष एक, बाई ०.८, आणि दोन मुले प्रत्येकी ०.६. हे मी घरी वाचून दाखविले तेव्हा आमच्या मंडळीने विचारले, "हे ०.८ मोजलं तेव्हा पाणी कोण भरत होतं?" मी त्याचे उत्तर शोधतो आहे.

काटकसरीचा उपदेशही नवा नाही. १९५० नंतरच्या धान्यटंचाईत कन्हैयालाल मुनशी अन्नमंत्री असताना लीलावती मुनशींच्या पुढाकाराने तांदूळ-गव्हावाचून पदार्थ देणारी 'अन्नपूर्णा' उपाहारगृहे निघाली. १९६५ साली पंतप्रधान लालबहादूर शास्त्रींनी आठवड्यातून एक वेळ जेवण सोडण्याची हाक दिली, आणि लोकांनी ती मनापासून पाळली. का पाळली? कारण तो त्याग सर्वांना सारखा मागितला होता. त्यागाची हाक सर्वांना असते. उपदेश मात्र ज्याचे पोट आधीच अर्धे आहे त्यालाच होतो. दोहोंतील हा फरक आपण विसरता कामा नये.

स्वस्त जेवणाचा प्रामाणिक हिशेब होऊ शकतो, हेही सांगितले पाहिजे. गिरणगावातल्या खाणावळवाल्या बायांना १९७५ साली प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळात संघटित केले. खाणावळवालीला लाकूड-रॉकेल विसरून चालत नसे आणि सावकाराचे व्याजही विसरून चालत नसे. विसरली तर महिनाअखेर तिचीच चूल विझे. सरकारी उदाहरण घ्या. २६ जानेवारी २०२० रोजी शिवभोजन थाळी सुरू झाली तेव्हा तीत तीस-तीस ग्रॅमच्या दोन चपात्या, १०० ग्रॅम भाजी, १५० ग्रॅम भात आणि १०० ग्रॅम वरण ठरविले होते. जेवणाऱ्याने दहा रुपये द्यावयाचे. पण शहरातील थाळीची किंमत सरकारने पन्नास रुपये धरली आणि वरचे चाळीस स्वतः दिले. वाशीच्या बाजारात पन्नास किलोची गोणी पाठीवर घेणाऱ्या माथाडीची भूक एवढ्याने भागणार नाही, हे खरे. परंतु थाळी दहा रुपयांत 'होते' असे कुणी म्हटले नाही; दहा रुपयांत 'देतो' असे म्हटले. वजन सांगितले, किंमत सांगितली, भार कोण उचलतो ते सांगितले. स्वस्त जेवणाचा पैसा कोणीतरी भरतच असतो. सरकार भरील, नाहीतर चुलीपुढची बाई वेळाने भरील, नाहीतर जेवणारा पोटाने भरील.

वेळेच्या रकान्याबद्दल सांगावयाचे राहिले. पुस्तिकेत पदार्थाची वेळ सरासरी अर्धा तास छापली होती. आमच्या घरी बाजार, निवडणे, भिजविणे, शिजविणे आणि भांडी धरून सरासरी दोन तास दहा मिनिटे आली. दोन घरची धुणीभांडी करून सात वाजता परतणाऱ्या बाईने हे दोन तास आणावयाचे कुठून? मग ती पाव आणते, वडा आणते, आणि आपण म्हणतो, "या लोकांना खर्च करता येत नाही."

ती वही मी बोलणीच्या वेळी टेबलावर ठेवली. बाराही पदार्थांचे खरे निकाल तीत होते. पास झालेले तीनही होते. साहेब बराच वेळ ती चाळीत राहिले. नंतर म्हणाले, "आमच्या घरी कधी कुणी मोजलं नव्हतं." आमची पूर्ण मागणी मान्य झाली नाही, मागितले त्याच्या निम्म्याहून थोडे अधिक मिळाले. पण पाककृतींचा विषय पुन्हा निघाला नाही, आणि महागाईच्या तक्त्यात प्रथमच गॅसचा रकाना दोघांच्या संमतीने आला. मी याला विजय म्हणणार नाही; हिशेब थोडा सरळ झाला, एवढेच.

आपणांपैकी पुष्कळांच्या घरी अशा पाककृती येत असतील. त्या जरूर करून पाहा. काटकसर हा काही दोष नव्हे. पण तीन प्रश्न विचारा : चौघे म्हणजे कोणते चौघे? तेल आणि आच कुणाच्या घरची? आणि वेळ कुणाचा? पदार्थ बिघडला तर एकदा पुन्हा करून पाहा, म्हणजे पदार्थावर अन्याय होणार नाही. आणि दुसऱ्यांदाही पोट भरले नाही, तर दोष करणारीच्या हाताला देऊ नका.

वही आमच्या मंडळीच्या अक्षरातली आहे, तेव्हा आभाराचा मोठा वाटा तिचा.