मूळगावाचा शोध



दोन मराठी माणसे परमुलखात भेटली की थोड्याच वेळात एक प्रश्न निघतो : ‘आपण मूळचे कुठले?’ उत्तर देणाऱ्याचा जन्म कोठे झाला, याच्याशी या प्रश्नाला फारसे कर्तव्य नसते. त्याचे आजे-पणजे आणि त्यांच्याही मागची माणसे कोणत्या गावाहून निघाली, हे विचारणाऱ्याला हवे असते. ज्याच्या घराण्याने गाव कधी सोडलेच नाही, त्याला हे उत्तर सोपे आहे. ज्यांचे पूर्वज दोनतीनशे वर्षांपूर्वी कृष्णा-तुंगभद्रा ओलांडून किंवा समुद्रापार गेले, त्यांना मात्र ते शोधून काढावे लागते. त्या शोधाविषयी आज थोडे बोलावयाचे आहे.

प्रारंभ दक्षिणेपासून करू. म्हैसूरपासून पंचवीस किलोमीटरच्या आसपास, कावेरीकाठच्या मुलखात, बन्नूर नावाचे गाव आहे. थोर माध्व आचार्य व्यासतीर्थ यांचे जन्मस्थान म्हणून ते प्रसिद्ध आहे. त्याचा तालुका टी. नरसीपूर. या नावातील ‘टी’ म्हणजे तिरुमकूडलु. गावाच्या नावालाही आद्याक्षर जोडणारा हा प्रदेश माणसाच्या नावाला ते जोडतो, यात नवल नाही. म्हैसूरकडे आडनावाची चाल थोडी. नावाआधी गावाचे आद्याक्षर, मग वडिलांचे. एखादे मराठी घराणे येथे दोनचार पिढ्या नांदले की ‘कुलकर्णी’ किंवा ‘जाधव’ गळून पडते, नावामागे ‘राव’ एवढेच उरते, आणि पुढे ‘बन्नूर’चा ‘ब’ येऊन बसतो. बंगळूरला नोकरीसाठी गेलेला नातू तो ‘ब’ बरोबर घेऊन जातो. महाराष्ट्रातील गावाची जागा बन्नूरने घेतलेली असते.

पण हे आद्याक्षर नुसते पुसत नाही, जपतेही. मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांचा जन्म मुद्देनहळ्ळीचा. मोक्षगुंडम हे आंध्रातील गाव त्यांच्या पूर्वजांचे. घराणे तेथून निघाले, तरी नावाने ते गाव सोडले नाही. उलट सर टी. माधवराव यांचे घराणे मराठी. त्रावणकोर, इंदूर आणि १८७५ पासून बडोदा येथे त्यांनी दिवाणगिरी केली. मराठ्यांच्या राज्यात कारभार करावयास ते आले ते ‘तंजावर’चे माधवराव म्हणून. स्थलांतराचा शेवटचा मुक्काम नावात राहिला, आरंभीचा हरपला.

मूळगाव हरपले की त्याची जागा दंतकथा घेते. ‘आम्ही शहाजीराजांबरोबर आलो,’ असे दक्षिणेतील कितीतरी मराठी घरांत सांगतात. १६३८ नंतर बंगळूर शहाजीराजांच्या जहागिरीत आले, आणि १६७५ च्या सुमारास व्यंकोजीराजांनी तंजावर घेतले, ही गोष्ट खरीच आहे. परंतु मराठे दक्षिणेत एकदाच गेले नाहीत. थोरल्या माधवराव पेशव्यांच्या कर्नाटकातील मोहिमा झाल्या. १७९२ साली हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धन यांच्या फौजा श्रीरंगपट्टणापर्यंत गेल्या. म्हैसूरच्या कारभारात एके काळी कानडीबरोबर मराठीतही हिशेब लिहीत. तेव्हा लेखणीच्या बळावर गेलेले कारकूनही पुष्कळ असले पाहिजेत. शिंपी गेले, रंगारी गेले. पण वंशजांना आठवतो तो सेनापती. हिशेबनीस किंवा सुईदोरा घेऊन गेलेला माणूस आठवत नाही. दंतकथा दिशा दाखविते. वाट मात्र कागदानेच काढावी लागते.

अमेरिकेत स्थायिक झालेल्या जर्मन घराण्यांनी हा उद्योग मोठ्या चिकाटीने केला आहे. १६८३ साली क्रेफेल्ड नगरातून तेरा कुटुंबे पेनसिल्व्हानियात उतरली आणि जर्मनटाउन वसले. पुढे ऱ्हाइनकाठची माणसे एवढ्या संख्येने येऊ लागली की तेथील इंग्रज कारभाऱ्यांना धास्ती वाटू लागली. १७२७ पासून त्यांनी जहाजांच्या कप्तानांकडून उतारूंच्या याद्या घेण्यास आणि सोळा वर्षांवरील पुरुषांकडून राजनिष्ठेच्या शपथेवर सह्या घेण्यास आरंभ केला. परक्याच्या भीतीने घेतलेल्या या सह्या आज त्यांच्या वंशजांचा ठेवा झाल्या आहेत. म्युलरचा मिलर झाला, श्मिटचा स्मिथ झाला, त्सिमरमानाने ‘सुतार’ या अर्थाचा इंग्रजी शब्दच आडनाव म्हणून घेतला. तरी त्या सहीवरून मूळ नाव कळते, आणि मूळ नाव कळले की जर्मनीतील गावच्या चर्चमधील बारशाच्या नोंदीपर्यंत जाता येते. उणीव एकच. शपथ पुरुषांची होती. त्यांच्याबरोबर समुद्र ओलांडणाऱ्या बायका त्या सह्यांत नाहीत.

आपल्यापैकीही काही जण असेच समुद्रापार गेले. १८३४ ते १९२० या काळात सुमारे पाच लाख हिंदी मजूर करारावर मॉरिशसला उतरले. त्यांत मुंबई बंदरातून गेलेले, रत्नागिरीकडचे मराठी लोक होते. पोर्ट लुईच्या धक्क्यावर, ज्याला आज अप्रवासी घाट म्हणतात आणि २००६ साली ज्याची जागतिक वारसास्थळांत गणना झाली, तेथे प्रत्येकाला एक क्रमांक मिळे. नाव, बापाचे नाव, जात, जिल्हा, गाव, उंची, अंगावरील खूण, सारे वहीत लिहिले जाई. पुढे छायाचित्रेही घेऊ लागले. पळून गेलेला मजूर धरून आणता यावा, हा त्यातला एक हेतू. फ्रेंच-इंग्रज लेखनिकांच्या कानांनी ऐकलेली नावे चमत्कारिक उतरली. पुष्कळदा आजोबांचे पाळण्यातले नावच नातवंडांचे आडनाव होऊन बसले. मॉरिशसच्या मराठी वस्तीत ‘झाकरी’ नाचतात. कोकणातील जाखडीचेच ते रूप. पाय ताल विसरले नाहीत, गावाचे नाव मात्र विसरले गेले. ते आज मोका येथील महात्मा गांधी संस्थेत जपलेल्या त्या वह्यांत शोधता येते.

या वह्यांतील एका गोष्टीकडे मी आपले लक्ष मुद्दाम वेधू इच्छितो. करारावर गेलेल्या मजूर स्त्रीलाही स्वतःचा क्रमांक असे. तिचे नाव, तिच्या बापाचे नाव, तिचे गाव तेथे लिहिलेले आहे. आता आपल्या घरची वंशावळ उघडून पाहा. मूळ पुरुष, त्याचे तीन पुत्र, त्यांचे सात पुत्र. पणजीचे नाव बहुधा नाही, आणि असले तर सासरचे. म्हणजे उसाच्या मळ्यात राबावयास गेलेल्या बाईचा ठावठिकाणा सापडतो, आणि वाड्यात नांदलेल्या बाईचा सापडत नाही! प्रतिष्ठित घराण्यांनी यावर थोडा विचार करावा.

स्वदेशी शोध घेणाऱ्यालाही साधने आहेत. नाशिक, त्र्यंबकेश्वर, काशी, गया येथील तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत यात्रेकरूंनी आपली नावे, गाव, भाऊबंद लिहून ठेवले आहेत. पुण्याच्या पुराभिलेखागारात पेशवे दफ्तर आहे. तंजावरच्या सरस्वती महालात मोडी कागदांचा मोठा संग्रह आहे. आणि तेथील बृहदीश्वराच्या मंदिरात सरफोजीराजांनी १८०३ साली भोसले घराण्याची हकीकत भिंतीवर कोरविली आहे. राजाला भिंत मिळते. इतरांना उपाध्यायाची वही, सारापट्टी आणि खटल्याचा कागद. दफ्तरात वावरणारा माणूस म्हणून सांगतो, सरकारी कागद कोणाच्या गौरवासाठी लिहिला जात नाही, आणि म्हणूनच त्यावर अधिक भरवसा ठेवता येतो. तो लिहिणाऱ्याला आपल्या पणजोबांना थोर ठरवावयाचे नव्हते. त्याला फक्त वसुली करावयाची होती.

शोध नेहमी आपल्यापासून मागे न्यावा, एकेक पिढी पक्की करीत. एखादे नामांकित नाव आधी निवडून त्याच्यापासून आपल्यापर्यंत उतरू पाहणारा बहुधा वाटेत कल्पनेचा पूल बांधतो. जेथे पुरावा संपेल तेथे जागा कोरी ठेवावी. कोऱ्या जागेची लाज वाटण्याचे कारण नाही; पुढे एखादा कागद सापडला तर तो लावावयास ती मोकळी असते.

तथापि असे कागद सापडण्याची आशा वर्षावर्षाला कमी होत आहे. मोडी वाचणारे थोडे उरले, आणि जे वाचता येत नाही ते घरात अडगळ ठरते. वि. का. राजवाडे (१८६३-१९२६) गावोगाव हिंडून माळ्यावरची दफ्तरे मागत फिरले, तेव्हा ती वाचणारा माणूस निदान घरोघर होता. आज बन्नूरसारख्या गावी किंवा बंगळूरच्या एखाद्या घरी जुनी पेटी निघाली, तर आतील कागद मराठीच आहेत हे ओळखणारेही कोणी नसेल. ती पेटी रद्दीत देण्यापूर्वी मोडी जाणणाऱ्याला एकदा दाखवावी. आणि घरातील वडीलधारी माणसे आहेत तोवर त्यांना विचारून एका साध्या वहीत नावे लिहून काढावीत : पुरुषांची आणि स्त्रियांची, स्त्रियांच्या माहेरच्या गावांसह. या कामाला एक रविवार पुरेल.