दहा रुपये आणि एक तास



मी बँकेतला कारकून, हिशेबाचेच बोलणार. कामावर निघालेली माय लेकराच्या हातावर दहा रुपये ठेवते. त्याचे चिप्सचे पाकीट येते. रोजचे धरले तर वर्षाला ३,६५० रुपये, आणि पदरात काय? तेल आणि मीठ! तेवढ्यातच मूठभर शेंगदाणे नि गुळाचा खडा येतो. २०२० च्या केंद्रीय नियमानुसार शाळेच्या फाटकापासून ५० मीटरच्या आत असे पदार्थ विकण्यास बंदी आहे. पण दहा रुपये तर घरूनच निघतात.

शाळेतल्या पोषण आहारालाही नाक मुरडू नये. सहावी ते आठवीच्या मुलाला त्यातून ७०० कॅलरी व २० ग्रॅम प्रथिने मिळावीत, असा निकष आहे. आपल्या बुलढाणा जिल्ह्यात सोयाबीनने ज्वारीचे वावर घेतले, तशी ताटातली भाकरही मागे पडली. भाकरीची लाज मुलांनी आपल्याकडूनच उचलली, हे कडू वाटले तरी खरे आहे.

खेळाचे तर विचारूच नका. जागतिक आरोग्य संघटना मुलांना रोज सरासरी ६० मिनिटे अंगमेहनत सांगते. तो तास आपण शिकवणीला देऊन टाकला. लंगडी, कबड्डीला पैसा लागत नाही. विहारासमोरचे पटांगण सायंकाळी सहा ते सात रिकामेच असते. सोमवारपासून मुला-मुलींना, होय, मुलींनाही, तिथे पाठवा. बँक सुटली की शिटी घेऊन मी येतो.