बाहुली मोठी, खेळही मोठ्यांचा

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



बाहुली म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे लहान मूल येतं. भातुकलीचा डाव, चिंध्यांची नवरी, तिच्या लग्नात वाटलेले चुरमुरे आणि गूळ. मग कधीतरी दहाव्या-अकराव्या वर्षी घरातलं कुणीतरी म्हणतं, ‘आता काय लहान आहेस का?’ आणि बाहुली माळ्यावरच्या पेटीत जाते. मुलांच्या हातून तर ती त्याच्याही आधी काढून घेतलेली असते.

आज मात्र मी बोलणार आहे ते मोठ्यांच्या बाहुल्यांविषयी. इथे मोठ्या या शब्दाचे दोन्ही अर्थ घ्यावेत. या बाहुल्या आकाराने मोठ्या, साधारण ६० सेंटिमीटर म्हणजे दोन फूट उंचीच्या. आणि त्या जमवणारी माणसंही मोठी, नोकरी-संसार करणारी. जपान, कोरिया, चीन, युरोप, अमेरिका इथे हा छंद चांगला रुजला आहे. आपल्या देशातही तो थोडाफार पोचला आहे. असा छंद कुणाला आहे असं कळलं की पहिला प्रश्न येतो, ‘एवढे पैसे बाहुलीवर?’ आणि दुसरा, जरा हळू आवाजात, ‘हे वय आहे का?’ या दोन प्रश्नांची उत्तरं शोधायची तर आधी ही वस्तू काय आहे ते पाहायला हवं.

शाळेत आपण खांद्याचा उखळीचा सांधा शिकलो. एका हाडाचं गोल टोक दुसऱ्याच्या खोबणीत बसतं आणि हात सगळीकडे फिरतो. या बाहुलीचे बहुतेक सांधे त्याच धर्तीचे असतात. खांदा, कोपर, मनगट, मांडी, गुडघा, घोटा, मान. तिचे अवयव रेझिन या घट्ट पदार्थाचे ओतलेले आणि आतून पोकळ असतात. त्या पोकळीतून जाड इलॅस्टिकची दोरी मानेपासून पायापर्यंत ओवलेली असते. दोरी ताणलेली असल्यामुळे गोळे खोबणीत घट्ट बसतात, आणि घर्षणामुळे हात उचलून ठेवला की तिथेच राहतो. ती बसते, उभी राहते, हनुवटीला हात लावून विचारात पडल्यासारखी दिसते. डोक्याची मागची टोपी निघते. आतून डोळे बदलता येतात, वरून केस बदलता येतात. चेहऱ्यावरचे रंगही पुसून नव्याने भरता येतात.

आजच्या या छंदाची सुरुवात १९९९ सालची. जपानमधल्या क्योटोच्या ‘व्होक्स’ या कंपनीने त्या वर्षी ‘सुपर डॉल्फी’ नावाची बाहुली बाजारात आणली. पुढे कोरिया आणि चीनमधले कारागीरही यात उतरले. पण सांध्यांची बाहुली काही १९९९ साली जन्मली नाही. रोममध्ये १८८९ साली न्यायालयाच्या इमारतीसाठी पाया खणताना एक दगडी शवपेटी सापडली. आत एका तरुण मुलीचे अवशेष होते आणि शेजारी हस्तिदंती बाहुली. शवपेटीवर नाव कोरलं होतं, क्रेपेरिया ट्रिफाइना. ही गोष्ट इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातली. बाहुलीच्या कोपरांना आणि गुडघ्यांना सांधे आहेत, बोटं कोरलेली आहेत, केसांची रचना त्या काळच्या श्रीमंत स्त्रियांसारखी आहे. रोमन मुली लग्नाच्या वेळी आपली बाहुली देवाला वाहून टाकत, असा रिवाज होता. क्रेपेरियाची वेळ आलीच नसावी, म्हणून बाहुली तिच्याबरोबर गेली, असं समजलं जातं.

हा रिवाज ऐकून आपल्याला परकं वाटण्याचं कारण नाही. आपल्याकडेही एके काळी बाहुलीचं लग्न आणि मुलीचं स्वतःचं लग्न यांत फार वर्षांचं अंतर नसे. लाकडाची ठकी हातातून सुटायची आणि खरी चूल हातात यायची. पुढे लग्नाचं वय वाढलं, मुली शिकल्या, पण ‘आता काय लहान आहेस का’ हे वाक्य काही गेलं नाही. खेळ हा मुलाबाळांचा हक्क आणि मोठ्या बाईचा रिकामपणा, असा हिशेब आपण करून बसलो आहोत. पुरुषाने तिकिटं, नाणी, जुने कॅमेरे जमवले तर तो संग्राहक. बाईने बाहुली आणली तर ती बालिश. म्हणून या छंदाकडे मला जरा गांभीर्याने पाहावंसं वाटतं.

आता मुद्दा आकाराचा. बाहुली मोठीच का हवी? याचं उत्तर शिवणकाम करणाऱ्या कुणालाही पटकन समजेल. बार्बी १९५९ साली आली, ती जेमतेम २९ सेंटिमीटरची. तिच्या झग्याला शिवण घालायची तर कापडापेक्षा शिवणच जाड होते. कॉलर बसत नाही, काज करता येत नाही. दोन फुटी बाहुलीला मात्र खरी कॉलर, खरी चुणी, खिसा, अस्तर, सगळं जमतं. हात खरोखर गुंततो.

एक उदाहरण घेऊ. या बाहुल्यांचं प्रमाण ढोबळमानाने माणसाच्या एक तृतीयांश धरतात. तिला नऊवारी नेसवायची आहे. नऊ वार म्हणजे सव्वाआठ मीटर. तिसरा हिस्सा पावणेतीन मीटर. पन्हा ४८ इंच असेल तर तिचा १६ इंच. इथवर गणित सोपं आहे. पण कापडाची जाडी काही तिसरा हिस्सा होत नाही! नेहमीचं सुती लुगडं घेतलं तर निऱ्यांचा गठ्ठा होतो आणि बाई पोटाशी उशी बांधल्यासारखी दिसते. म्हणून मऊ मलमल किंवा आजीचं धुऊन धुऊन विरलेलं पातळ घ्यावं लागतं. निऱ्या कमी घालायच्या, किंचित ओलसर करून इस्त्री फिरवायची, टाचण्या लावून रात्रभर ठेवायच्या. काठ अर्ध्या इंचाच्या आतला हवा. खणाची चोळी करायची तर खणावरची बारीकात बारीक नक्षी शोधायची, नाहीतर एकच फूल अख्ख्या पाठीवर बसतं. या सगळ्यात दोन रविवार कसे जातात ते समजत नाही. बाहुली विकत घेता येते, पण तिचं हे सगळं करणं विकत घेता येत नाही. माझ्या मते या छंदाची खरी ओढ इथे आहे. बाहुली अपुरी येते आणि पुरी करायचं काम आपल्याकडे सोपवते.

आणि खरं सांगायचं तर हे काम आपल्या घरांत नवं नाही. भाद्रपदात अनुराधा नक्षत्रावर महालक्ष्मी येतात, ज्येष्ठावर त्यांचं पूजन होतं, मुळावर त्या जातात. त्या देवता आहेत, त्यांना कुणी बाहुली म्हणणार नाही आणि म्हणूही नये. मी बोलते आहे ते फक्त आदल्या दिवशीच्या हातांविषयी. लोखंडी स्टँड काढायचे, धड बसवायचं, हात जोडायचे, साडीच्या निऱ्या सारख्या करायच्या, पदर कुठून काढायचा यावर सासू-सुनेची, जावा-जावांची चर्चा करायची. वर्षभर मऊ कापडात गुंडाळून ठेवलेले मुखवटे उघडायचे. ‘यंदा कशा प्रसन्न दिसतायत!’ असं दर वर्षी कुणीतरी म्हणतंच. मुखवटा तोच असतो. साडीचा रंग, दिव्याची जागा आणि पाहणाऱ्याचं मन बदललेलं असतं.

बाहुल्या जमवणारी माणसं नेमकं हेच सांगतात. या बाहुल्यांचा चेहरा मुद्दाम फार हसरा किंवा फार दुःखी करत नाहीत. ओठ मिटलेले किंवा किंचित विलग, नजर शांत. त्यामुळे मान थोडी झुकवली की ती खिन्न वाटते, प्रकाश समोरून आला की प्रसन्न. एकाच साच्यातून निघालेल्या दोन बाहुल्या दोन घरांत गेल्या की वर्षभराने सख्ख्या बहिणीसुद्धा वाटत नाहीत. कुणी तिला मिशी काढून तरुण मुलगा करतं, कुणी सुरकुत्या रंगवून आजी करतं.

काहींना अशा बाहुल्यांची भीती वाटते. ती खोटी नाही. १९७० साली मासाहिरो मोरी या जपानी अभियंत्याने यंत्रमानवांविषयी लिहिताना म्हटलं, की वस्तू माणसासारखी होत गेली तर ती आवडू लागते; पण फारच माणसासारखी झाली आणि थोडीच कमी पडली, की अंगावर काटा येतो. आपल्याला तर यासाठी जपानला जायला नको. १९९३ सालच्या ‘झपाटलेला’ चित्रपटातला तात्या विंचू आठवला की पुरे! पण तो बाहुला बनवणारे रामदास पाध्ये यांच्याच घरी अर्धवटराव आहेत. वडील यशवंत पाध्ये यांनी उभे केलेले, रामदासांनी पुढे चालवलेले आणि आता सत्यजित या तिसऱ्या पिढीच्या हातात आलेले. त्यांना कुणी घाबरत नाही, उलट घरातल्या वडीलधाऱ्यासारखा मान देतात. सांधे दोघांनाही आहेत, डोळे दोघांचेही फिरतात. फरक सहवासाचा आहे. जिचे केस आपण विंचरले, जिची चोळी आपण शिवली, तिची भीती राहत नाही.

आता पैशांचा प्रश्न. तो टाळून चालणार नाही. नवी बाहुली साधारण पंधरा-वीस हजारांपासून लाखाच्या घरापर्यंत जाते, वर परदेशातून मागवण्याचा खर्च आणि सीमाशुल्क. म्हणून स्वस्त नकला निघतात. दुसऱ्याने घडवलेल्या मूळ बाहुलीवरून साचा काढायचा आणि निम्म्या-पाव किमतीत विकायचं. सोलापूरकरांना यातली बोच वेगळी सांगायला नको. परगावी विणलेली चादर ‘सोलापुरी’ म्हणून विकली जाते तेव्हा मागावर बसणाऱ्याच्या पोटावर पाय येतो, हे आपण पाहिलेलं आहे. आपल्या चादरीला भौगोलिक निर्देशांक मिळाला तो यासाठीच. बाहुली घडवणाराही असाच एखाद्या चेहऱ्यावर महिनोन् महिने घालवतो. घ्यायचीच तर एकच घ्यावी, खरी घ्यावी, आणि घरखर्चाला हात न लावता घ्यावी.

घेतली तर निगाही ठेवावी लागते. रेझिनला ऊन सोसत नाही, ते पिवळं पडतं. आपल्या गावात एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीच्या पुढे असतो, तेव्हा तिला खिडकीपासून दूर, कापडात गुंडाळून ठेवावं. काही वर्षांनी इलॅस्टिक सैल पडतं आणि बाहुली उभी राहीनाशी होते. तेव्हा नवी दोरी ओवायची. खरखरीत कागदाने घासायची वेळ आली तर ओलं करून घासायचं आणि नाका-तोंडावर मास्क लावायचा. ती धूळ फुप्फुसांना चांगली नाही.

पण श्रोतेहो, या सुखासाठी जपानची बाहुली लागतेच असं नाही. जाड सुती कापडाची दोन फुटी बाहुली घरीच करता येते. हात-पाय वेगळे शिवायचे, त्यांत कापूस ठासून भरायचा, आणि खांद्याशी, मांडीशी आरपार दोरा घालून दोन्ही बाजूंना बटणं लावून घट्ट ओढायचं. हात फिरतो, पाय दुमडतो, ती बसते. आपल्या गावात घरोघरी शिलाई मशिनं आहेत, गणवेश आणि कपडे शिवणारे कारखाने आहेत. तिथे रोज कापडाच्या चिंध्या निघतात, आणि त्यांतली एक पिशवी वर्षभर पुरते. हात-शिलाई, काज, तुरपाई या गोष्टी घरातल्या मुलींना आणि मुलांनाही शिकवायच्या तर याहून चांगलं निमित्त नाही. टाका चुकला तरी अंगावरचा सदरा बिघडत नाही.

आणि आपल्या घरातली एखादी बाई, मग ती चाळिशीची असो की सत्तरीची, दुपारच्या वेळी असं काही घेऊन बसली, तर तिला ‘हे वय आहे का’ असं विचारू नका. दहाव्या वर्षी तिच्या हातून जे काढून घेतलं होतं, ते ती आता स्वतःच्या हिमतीवर परत घेते आहे. जमलं तर तिला सुईत दोरा ओवून द्या. बाहुलीचं नाव काय ठेवलं ते विचारा. ती सांगेल.