हवामान केंद्रातल्या दोन तारा



महाराष्ट्रात 'महावेध' प्रकल्पातून महसूल मंडळांमध्ये स्वयंचलित हवामान केंद्रं उभी राहिली. पाऊस, वारा, तापमान, आर्द्रता... या साऱ्याची नोंद डेटा लॉगर ठेवतो. पीकविम्यासाठीही या नोंदी वापरल्या जातात. म्हणूनच केंद्राचं वायरिंग चोख हवं.

आधी पर्जन्यमापक पाहू.

त्यात एक छोटं दुहेरी पात्र असतं. ठरावीक पाणी साचलं, की ते कलंडतं. त्यावरचं चुंबक स्विचजवळून सरकतं. स्विच क्षणभर जोडला जातो... आणि लॉगर एक ठोका मोजतो.

इतर उपकरणं अनेकदा एकाच लाइनवर असतात. तिला आरएस-४८५ म्हणतात. माहिती दोन तारांवरून जाते. मात्र प्रत्येक उपकरणाला वेगळा पत्ता लागतो. दोन उपकरणांचा पत्ता सारखा झाला, तर दोन्ही एकदम उत्तर देतात आणि नोंद बिघडते.

लक्षात ठेवा... लाइन एक, पत्ते वेगळे.

ही लाइन एका उपकरणाकडून दुसऱ्याकडे ओळीनं न्यावी. मध्ये लांब फाटे काढू नयेत. केबलच्या शील्डला, म्हणजे तारांभोवतीच्या धातूच्या आवरणाला, अर्थिंग सहसा एकाच टोकाला द्यावं. जवळ पंप असेल, तर त्याच्या मोटारीची केबल या लाइनपासून दूर ठेवावी.

जोडणी झाली, की पर्जन्यमापकाचं पात्र हातानं दहा वेळा कलंडवावं. लॉगरमध्ये दहाच ठोके दिसायला हवेत. आणि पुन्हा एकदा... लाइन एक, पत्ते वेगळे.

चाचणीचे ठोके मात्र आठवणीनं वगळा. नाहीतर तेही पाऊस म्हणून नोंदले जातील.