शिबिराची एक रात्र



मे महिन्यात सोलापूरचा पारा ४० अंशांपुढे जातो. म्हणून बालशिबिरात खेळ पहाटे व सायंकाळी. दुपार गोष्टींची, गीतांची. शिक्षकाला मात्र दुपारीही विसावा नसतो. उजनीचे पाणी नळाला आले की पिंपे भरणे, उन्हाने शिणलेल्यांना लिंबू-मीठ-साखरेचे पाणी देणे, रात्री आईच्या आठवणीने रडणाऱ्या बाळाजवळ जागणे, ही त्याचीच कामे.

पाचव्या दिवशी शिक्षकाचा आवाज बसतो. त्याच दिवशी तो रडणारा मुलगा स्वतःचे ताट घासतो, पंगतीत भाकरी वाढतो. शिक्षकाचे मानधन ते हेच.

परंतु दरवर्षी तीच चार माणसे राबत राहिली, तर शिबिरच थांबेल. समारोपाला टाळ्या वाजविणाऱ्या पालकांनी पुढील उन्हाळ्यात एकेक रात्र वाटून घ्यावी. तेवढ्याने शिक्षक टिकतील आणि शिबिरही.