फाइल आली, पण धड आली का?

आमच्या गावच्या वाचनालयात एक जुनी शिस्त आहे. सभासदाने पुस्तक परत आणलं की ग्रंथपाल काका ते लगेच कपाटात ठेवत नाहीत. आधी अंगठ्याखालून सगळी पानं भरभर चाळतात. कुठे पान फाटलंय का, मधली पानं निखळली आहेत का, ते पाहतात आणि मगच नोंदवहीत पुस्तक जमा करतात. लहानपणी मला त्या उशिराचा फार राग यायचा. त्या शिस्तीचं मोल मला पन्नाशी उलटल्यावर कळलं, तेही दणका बसून.

झालं असं. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० या प्रणालीचा नेहमीचा आधार मायक्रोसॉफ्टने थांबवला. वाचनालयातला संगणक त्याच प्रणालीवर चालणारा. विंडोज ११ पेलेल इतका तो नवा नव्हता आणि नवीन घ्यायला वाचनालयाकडे पैसे नव्हते. दिवाळीत गावी गेलो तेव्हा मी उत्साहाने म्हणालो, "काका, मी लिनक्स घालून देतो. फुकट आहे आणि जुन्या मशीनवर छान चालतं."

लिनक्सची अख्खी प्रणाली एकाच भल्या मोठ्या फाइलमध्ये बांधून नेटवर ठेवलेली असते. तिला आयएसओ इमेज म्हणतात. ती उतरवून घ्यायची, एका खास प्रोग्रॅमने पेनड्राइव्हवर लिहायची आणि त्या पेनड्राइव्हवरून संगणक सुरू करायचा. मी रात्री मोबाइलच्या नेटवरून पाच-सहा जीबीची फाइल उतरवायला लावली. मध्येच वीज गेली, नेट तुटलं, पुन्हा जोडलं गेलं. सकाळी पाहतो तो फाइल पूर्ण! आकारही संकेतस्थळावर दिला होता तेवढाच. मी निर्धास्त झालो.

वाचनालयात जाऊन काम सुरू केलं. जुनी डिस्क पुसली गेली, नवी प्रणाली चढू लागली आणि अर्ध्याहून पुढे गेल्यावर सगळं थांबलं. फाइल वाचता येत नाही, असा संदेश पडद्यावर आला. पुन्हा केलं, पुन्हा तिथेच अडलं. आता जुनी प्रणालीही गेली आणि नवीही नाही. सभासदांच्या नोंदींची काकांनी घरी ठेवलेली प्रत दोन महिन्यांपूर्वीची होती. ताजी प्रत काढून घ्यायचं मला सुचलं नव्हतं, ही माझी दुसरी चूक. मधल्या दोन महिन्यांची देवघेव कागदी नोंदवहीतून पुन्हा भरायला आम्हा दोघांचे तीन दिवस गेले. काका एका शब्दाने बोलले नाहीत. त्याचीच मला जास्त लाज वाटली.

घरी येऊन मी ती फाइल तपासली. तपासायला दोन मिनिटंसुद्धा लागली नाहीत. ती फाइल बिघडलेलीच होती.

ही तपासणी म्हणजे काय, ते सांगतो. सहा जीबीची फाइल म्हणजे सुमारे अठ्ठेचाळीस अब्ज शून्य आणि एक. त्यातलं काही इकडचं तिकडे झालं, तरी फाइलचा आकार तोच राहू शकतो. पुस्तकाची पानं मोजली, तीनशेची तीनशे भरली, म्हणून प्रत्येक पानावरचा मजकूर शाबूत आहे असं थोडंच म्हणता येतं? त्यासाठी पानं चाळावीच लागतात. संगणकाच्या जगात हे चाळण्याचं काम करणाऱ्या गणिती रीतीला हॅश म्हणतात. ती फाइल पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत वाचते आणि शेवटी एक छोटा ठसा हाती देते. आज सर्रास वापरली जाणारी रीत म्हणजे शा-२५६. अमेरिकेच्या मानक संस्थेने ती २००२ साली मानक म्हणून स्वीकारली. तिचा ठसा नेहमी चौसष्ट चिन्हांचाच असतो. शून्य ते नऊ हे आकडे आणि ए ते एफ ही अक्षरं, एवढीच चिन्हं त्यात येतात. फाइल एका ओळीच्या पत्राची असो की सहा जीबीची, ठसा तेवढाच.

गंमत अशी की, फाइलमध्ये एका शून्याचा एक झाला तरी ठसा थोडासा बदलत नाही. तो ओळखू येणार नाही इतका बदलतो. आणि असे ठसे असू शकतात तरी किती? ती संख्या लिहायची तर अठ्ठ्याहत्तर आकडे लागतात. त्यामुळे चुकून बिघडलेल्या फाइलचा ठसा मूळ फाइलशी योगायोगाने जुळेल, ही भीती मनातून काढून टाका.

प्रणाली तयार करणारी मंडळी प्रत्येक फाइलचा ठसा संकेतस्थळावर देतात. आपण आपल्या फाइलचा ठसा काढायचा आणि दोन्ही ताडून पाहायचे. विंडोजमध्ये यासाठी सर्टयुटिल नावाची आज्ञा आधीपासूनच असते, मॅकवर शासम असते आणि लिनक्सवर शा-२५६-सम. ठसा ताडताना पहिली चार अक्षरं पाहून मान डोलवू नका. आपल्याला मिळालेला ठसा कॉपी करा आणि संकेतस्थळाच्या पानावर शोधण्याच्या चौकटीत चिकटवा. सापडला तर जुळला, नाही सापडला तर फाइल पुन्हा उतरवा. डोळ्यांना दगा होतो, यंत्राला होत नाही.

महिन्याभराने मी पुन्हा गावी गेलो. या वेळी फाइल तपासून नेली होती. काकांना हे सगळं समजावून सांगितलं. ते म्हणाले, "म्हणजे पानं चाळलीस म्हण की!" मग जरा थांबून त्यांनी विचारलं, "पण पानं शाबूत असली, तरी पुस्तक आपलंच कशावरून?"

प्रश्न मोठा मार्मिक होता. पुस्तक पळवून त्या जागी दुसरी प्रत आणून देणारे सभासद काकांनी पाहिले आहेत. म्हणून वाचनालयाचा शिक्का पहिल्या पानावर तर असतोच, शिवाय आतल्या एका ठरलेल्या पानावरही असतो. ते पान कोणतं, हे काकाच जाणतात.

हीच गोष्ट २० फेब्रुवारी २०१६ रोजी लिनक्स मिंट या लोकप्रिय प्रणालीच्या बाबतीत घडली. चोरट्यांनी तिच्या संकेतस्थळात शिरून तिथला दुवा बदलला. त्या दिवशी तिथून मिंटची सिनॅमन आवृत्ती घेणाऱ्यांना चोरवाट ठेवलेली बनावट फाइल मिळत होती. मिंटच्या मंडळींनी दुसऱ्याच दिवशी ते जाहीर केलं, खऱ्या फाइलचे ठसे दिले आणि ज्यांनी ती फाइल घेतली होती त्यांना ती तपासायला सांगितलं. आता विचार करा. ज्याच्या हाती संकेतस्थळ आलं, तो शेजारी छापलेला ठसाही बदलू शकतो. मग बनावट फाइल बनावट ठशाशी तंतोतंत जुळेल आणि आपण खूश होऊ!

म्हणजे प्रश्न दोन आहेत. फाइल शाबूत आहे का, हा एक. आणि ती खरोखर त्यांचीच आहे का, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर ठसा देतो. दुसऱ्यासाठी शिक्का लागतो. त्याला डिजिटल सही म्हणतात. प्रणालीच्या कर्त्यांकडे दोन किल्ल्या असतात. एक गुप्त, ती फक्त त्यांच्यापाशी. दुसरी सर्वांना दिलेली. गुप्त किल्लीने ते ठशांच्या यादीवर सही करतात आणि उघड किल्लीने आपण ती सही पडताळतो. यासाठी जीपीजी नावाचा प्रोग्रॅम मोफत मिळतो. संकेतस्थळात शिरलेल्या चोराला यादी बदलता येईल, पण गुप्त किल्ली हाती नसेल तर तिच्यावर खरी सही करता येणार नाही. मात्र ती उघड किल्ली खरी आहे ना, हे एकाहून अधिक ठिकाणी ताडून घ्यावं. नाहीतर शिक्काही चोराचाच निघायचा.

आणखी एक सावधगिरी. जुन्या पानांवर एमडी-५ नावाचा ठसा दिसतो. रोनाल्ड रिव्हेस्ट यांनी तो १९९१ साली रचला. २००४ मध्ये वांग शियाओयुन या चिनी गणितज्ञ बाई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दोन वेगळ्या मजकुरांचा एमडी-५ ठसा एकच येऊ शकतो, हे दाखवून दिलं. नेट तुटल्याने झालेला बिघाड तो अजूनही पकडतो. पण मुद्दाम केलेल्या लबाडीपुढे त्याच्यावर विसंबू नये.

फाइल चांगली असून पेनड्राइव्हच खराब निघाला, असंही होतं. म्हणून पेनड्राइव्हवरून सुरुवात करताना तपासणीचा पर्याय दिसला, तर घाई करून तो टाळू नका. आणि डिस्क पुसण्याआधी आपल्या कामाची ताजी प्रत दुसरीकडे ठेवली आहे ना, एवढं स्वतःला विचारा.

त्या दिवशी वाचनालयाचा संगणक वीस मिनिटांत सुरू झाला. काकांनी खुर्ची पुढे ओढली आणि पहिली नोंद केली. मग माझ्या पिशवीतलं, मीच दिवाळीत नेलेलं पुस्तक मागितलं. मी ते पुढे केलं आणि त्यांची सगळी पानं चाळून होईपर्यंत मुकाट्याने उभा राहिलो.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)